नागिणीचा वेढा आणि तिची अनोळखी रूपे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'नागीण' हा शब्द उच्चारला गेला की त्यापाठोपाठ दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली ही, की अंगाच्या एका बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला आहे. दुसरी ही, की त्या पट्ट्याचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडता कामा नये. वेढा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही. पहिली गोष्ट निरीक्षणाची आहे आणि बहुतांशी अचूक आहे. दुसरी भीतीची आहे. ही भीती निराधार तर आहेच, परंतु तिच्यामुळे होणारे नुकसान निराळेच आहे. ती घरच्या माणसांची नजर कमरेच्या वेढ्यावर खिळवून ठेवते आणि जेथे खरा धोका असतो तेथे नजर जातच नाही.

नागीण केवळ कमरेला येत नाही. ती कपाळावर आणि डोळ्यावर येते, कानाच्या आत येते, लज्जेपोटी झाकून ठेवलेल्या जागी येते; कधी फोडांच्या आधी नुसती वेदना बनून येते, तर क्वचित फोड न उठवताच येते. ही रूपे ओळखीची नसल्याने उपचाराचे पहिले मोलाचे दिवस हातचे जातात. या विवेचनाचा विषय ही अनोळखी रूपे हाच आहे.

नाव आणि कारण

वैद्यकशास्त्रात या रोगाला 'हर्पिस झोस्टर' म्हणतात. दोन्ही शब्द मूळचे ग्रीक. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा आणि 'हर्पिस' म्हणजे सरपटत जाणारे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा दुसरा शब्द संस्कृतातील 'सृप्' या धातूचा, म्हणजेच आपल्या 'सर्प' या शब्दाचा दूरचा भाऊबंद ठरतो. ग्रीकांना जे दिसले तेच आपल्या पूर्वजांनाही दिसले होते. नाव चुकलेले नाही; नावामागून आलेली समजूत मात्र तपासून घ्यावयास हवी.

या रोगाचे कारण सर्प नाही, सर्पाचा कोपही नाही. लहानपणी ज्याच्यामुळे कांजिण्या येतात तोच विषाणू नागिणीच्याही मुळाशी असतो. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडून जातात. पण विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि कवटीच्या तळाशी मज्जातंतूंच्या लहान लहान गाठी असतात. त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वाढते वय, मधुमेहासारखा दीर्घ आजार, कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे किंवा अन्य कारणाने शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाली की तो जागा होतो आणि ज्या मज्जातंतूच्या गाठीत तो दडलेला असतो त्याच तंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येऊन पोहोचतो.

हे ज्ञान सहजासहजी हाती आलेले नाही. १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागीण होऊन गेलेल्या २१ मृत व्यक्तींच्या शरीरांची तपासणी प्रसिद्ध केली आणि विकृतीचे मूळ मज्जातंतूंच्या गाठींत आहे हे दाखवून दिले. पुढे १९६५ साली एडगर होप-सिम्प्सन या डॉक्टरांनी, कांजिण्यांचा जुना विषाणूच पुन्हा जागा होऊन नागीण होते, ही उपपत्ती सविस्तर पुराव्यानिशी मांडली. होप-सिम्प्सन हे इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर या लहानशा गावी साधा दवाखाना चालवीत असत. सुमारे साडेतीन हजार लोकवस्तीतील १६ वर्षांच्या १९२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी चिकाटीने ठेवल्या होत्या. वय वाढेल तसे नागिणीचे प्रमाण वाढते, हे त्यांना त्या नोंदींवरून दाखविता आले. गावपातळीवरील नीटनेटक्या नोंदवहीचे मोल किती असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वेढा पूर्ण का होत नाही

कण्यातून मज्जातंतू जोडीजोडीने बाहेर पडतात. एक उजव्या अंगाला, दुसरा डाव्या अंगाला. प्रत्येक तंतू आपापल्या बाजूच्या त्वचेचा पट्टा सांभाळतो आणि पुढे छातीपोटाच्या मध्यावर तर मागे कण्याच्या रेषेवर थांबतो. जागा झालेला विषाणू बहुधा एकाच गाठीतून निघालेला असल्याने फोडांचा पट्टाही मध्यरेषेवर येऊन थांबतो. वेढा पूर्ण होत नाही तो शरीराच्या या रचनेमुळे. अंगावर काढलेल्या गेरूच्या रेघेमुळे अथवा मंत्रामुळे नव्हे.

फार क्वचित एखाद्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी फोड उठतात. तेही मृत्यूचे लक्षण नाही. मात्र अशा माणसाची प्रतिकारशक्ती का खालावली, याचा शोध डॉक्टरांकडून करून घेणे आवश्यक असते.

मग मांत्रिकाला गुण येतो तो कसा? उत्तर सोपे आहे. प्रकृती बरी असलेल्या माणसाच्या अंगावरील फोडांवर साधारणपणे ७ ते १० दिवसांत खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा बरी होते. या अवधीत गेरू लावला, दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप दिला, मंत्र टाकला किंवा काहीच केले नाही तरी फोड बसतात. जो शेवटी आला त्याला यश मिळते. परंतु फोड बसले म्हणजे रोगाचे सर्व परिणाम टळले असे नव्हे, आणि नेमका येथेच घात होतो.

फोडांपूर्वीची वेदना

नागिणीचे पहिले अनोळखी रूप म्हणजे नुसती वेदना. फोड दिसण्यापूर्वी एक ते पाच दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ, त्या जागी आग होते, टोचते, ठणकते. कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. त्वचा मात्र स्वच्छ दिसते. छातीच्या डाव्या बाजूला अशी वेदना झाली तर हृदयविकाराची शंका येते. उजव्या कुशीत झाली तर पित्ताशयाची, कमरेत झाली तर मुतखड्याची, खाली उजव्या ओटीपोटात झाली तर आंत्रपुच्छाची. जबड्यात झाली तर दाढेवर संशय जातो.

येथे एक इशारा देणे भाग आहे. छातीत दुखू लागले असता 'नागीण असेल' म्हणून घरी थांबणे हा धोक्याचा मार्ग आहे. आधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. सांगावयाचे ते इतकेच, की तपासण्या निर्दोष आल्या आणि वेदना एकाच बाजूच्या पट्ट्यात राहिली, तर पुढील काही दिवस ती त्वचा रोज उजेडात पाहावी आणि पहिला फोड दिसताच डॉक्टरांना दाखवावा. काही थोड्या रुग्णांत फोड शेवटपर्यंत उठत नाहीत. अशा वेळी निदान कठीण असते आणि ते तज्ज्ञांवरच सोपवावे लागते.

डोळा: सर्वांत मोठी हानी

नागिणीच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे १० ते २० जणांत ती कपाळ, पापणी आणि डोळ्याच्या परिसरात येते. पापणी सुजून डोळा मिटतो. घरातील माणसे 'डोळे आले' किंवा 'काहीतरी चावले' असे समजतात. प्रत्यक्षात विषाणू बुबुळावरील पारदर्शक पडद्यापर्यंत आणि डोळ्याच्या आतील भागांपर्यंत पोहोचू शकतो. त्यातून पडद्यावर व्रण पडणे, डोळ्यातील दाब वाढणे आणि दृष्टी कायमची अधू होणे, असे परिणाम संभवतात.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी एक उपयुक्त खूण सांगून ठेवली आहे. नाकाच्या शेंड्यावर किंवा त्याच्या बाजूला फोड दिसले, तर डोळा बाधित होण्याचा संभव फार वाढतो. कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतील भागाला एकाच मज्जातंतूची शाखा जाते. ही खूण ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा घरची जाणती व्यक्तीही ती पाहू शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. नाकावर फोड नसले तरी कपाळ व पापणीवरील नागिणीत डोळ्याची तपासणी टाळू नये. डोळ्याभोवतीच्या नागिणीनंतर काही महिने पक्षाघाताचा धोकाही वाढलेला असतो. म्हणून फोड बरे झाल्यावरही बोलण्यात अडखळणे, हातापायाची शक्ती जाणे यांसारखी लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे.

कान आणि वाकडे झालेले तोंड

१९०७ साली जेम्स रॅम्से हंट या अमेरिकन डॉक्टरांनी नागिणीच्या आणखी एका रूपाचे वर्णन केले. प्रथम कान ठणकतो. मग कानाच्या पाळीवर, कर्णनलिकेत किंवा टाळूवर बारीक फोड येतात आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. डोळा मिटत नाही, पाणी पिताना ते ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते. काहींना चक्कर येते, कानात आवाज येतो, ऐकू येणे कमी होते.

गावात याला 'वारे गेले' म्हणतात आणि उपचार मालिशचा होतो. कानाच्या आत कोणी डोकावत नाही. वस्तुतः तोंड वाकडे झालेल्या प्रत्येक रुग्णाचा कान उजेडात पाहण्याची सवय लागली, तर यांतील बरेच रुग्ण वेळेवर ओळखले जातील. उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी चेहऱ्याची शक्ती परत येण्याची आशा अधिक. येथेही एक पथ्य पाळावे. एकाएकी तोंड वाकडे होणे हे मेंदूच्या पक्षाघाताचेही लक्षण असू शकते. म्हणून कारण कोणतेही असो, रुग्णाला घरी ठेवू नये.

झाकलेल्या जागेची नागीण

कमरेखालच्या मज्जातंतूंतून उद्भवणारी नागीण नितंबावर, मांडीच्या मागे अथवा जननेंद्रियांजवळ येते. तिच्यात कधीकधी लघवी तुंबते किंवा शौचाला त्रास होतो, कारण मूत्राशयाचे तंतूही त्याच भागातून जातात. विशेषतः स्त्रिया हे दुखणे संकोचाने लपवितात. दुसरीकडे, त्या जागी फोड दिसले म्हणून चारित्र्यावर शंका घेण्याचेही प्रकार घडू शकतात. दोन्ही गोष्टी अज्ञानातून येतात. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कोणत्या गाठीतून जागा व्हावा, हे कोणाच्याही वर्तनावर अवलंबून नसते.

विषाणूचा आघात संवेदनेच्या तंतूंबरोबर हालचालीच्या तंतूंवर झाला, तर हात किंवा पाय काही काळ दुबळा होतो. पोटाच्या स्नायूंवर झाला, तर कुशीत फुगवटा येतो आणि तो हर्नियासारखा भासतो. अलीकडे त्याच बाजूला नागीण होऊन गेली काय, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना योग्य दिशा दाखवू शकतो.

पसरलेली, चिघळलेली, तरुण वयातील

नागीण एका पट्ट्यात न राहता अंगभर फोड उठू लागले, फोड काळे पडून त्वचा मरू लागली, आठवडे उलटूनही ते बरे होईनात किंवा चामखिळीसारखे जाड झाले, तर प्रतिकारशक्ती फार क्षीण झाली आहे असे समजावे. अशा रुग्णास रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येऊ शकते.

तरुण, वरकरणी धडधाकट माणसाला नागीण झाली, तर डॉक्टर एचआयव्ही तपासणीचा सल्ला देतात. याचा अर्थ प्रत्येक तरुण रुग्णाला तो संसर्ग असतो असा मुळीच नाही. परंतु असल्यास तो लवकर कळतो आणि आज उपलब्ध असलेल्या औषधांनी माणूस दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगू शकतो. ही तपासणी रुग्णाच्या संमतीनेच व्हावयास हवी आणि तिचा निष्कर्ष गोपनीय राहावयास हवा. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७च्या केंद्रीय कायद्याने भेदभावास मनाई केली आहे. नागीण झालेल्या तरुणाविषयी पारावर कुजबुज होणार नाही याची काळजी पंचायत सदस्यांनी घेतली, तर तो तपासणीला जाईल. कुजबुज झाली तर जाणार नाही. बालकांनाही नागीण होते. विशेषतः अगदी तान्हेपणी कांजिण्या येऊन गेलेल्या मुलांत ती दिसते; बहुधा ती सौम्य असते.

जे नागीण नसते

पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा, मुंगीसारखा दिसणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला गेला, तर त्याच्यातील दाहक द्रवाने त्वचेवर भाजल्यासारखा लांबट पट्टा उमटतो. सकाळी उठल्यावर तो दिसतो आणि घरात नागीण म्हणून धावपळ उडते. या पट्ट्याआधी तशी वेदना झालेली नसते आणि तो मज्जातंतूच्या वाटेनेही जात नाही. तसेच 'नागीण' एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती बहुधा नागीण नसून दुसऱ्या एका विषाणूची बाधा असते. दोन्ही बाबतींत डॉक्टरांचे निदान घ्यावे. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावू नये.

पहिले तीन दिवस

या रोगावर औषध आहे, ही वार्ता अजून पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही. १९७०च्या दशकात संशोधिका गर्ट्रूड एलियन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून असायक्लोव्हिर हे विषाणुविरोधी औषध विकसित झाले. १९८८च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत एलियन यांचा समावेश होता. हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झाले तर सर्वाधिक उपयोग होतो. मात्र चौथ्या दिवशी आलेल्या रुग्णाने 'आता काय उपयोग' म्हणून परत फिरू नये. नवे फोड येत असतील, डोळा किंवा कान बाधित असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर नंतरही औषध देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

फोड गेल्यावरही काहींच्या बाबतीत वेदना मागे राहते. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी ही वेदना दर शंभरांत सुमारे १० ते १८ जणांना छळते आणि वृद्धांत तिचे प्रमाण अधिक असते. अंगात सदरा घालवत नाही, रात्री झोप लागत नाही, मन खचते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही; मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे वेगळी आहेत आणि ती डॉक्टरांकडून मिळू शकतात. 'वयाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून म्हाताऱ्या माणसाला ती वेदना सोसायला लावणे योग्य नव्हे.

पन्नाशीनंतर घ्यावयाची प्रतिबंधक लसही निघाली आहे. ती दोन मात्रांत दिली जाते आणि २०२३पासून भारतात मिळू लागली. ती महाग आहे. कोणी ती घ्यावी याबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झालेली नागीण मात्र लसीने बरी होत नाही.

गावाने करावयाचे काम

नागिणीच्या फोडांतील पाण्यामुळे दुसऱ्याला नागीण होत नाही. परंतु ज्याला कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. उष्ण प्रदेशात पुष्कळ माणसे कांजिण्यांवाचून मोठी झालेली असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून खपली धरेपर्यंत फोड स्वच्छ, सैल कपड्याने झाकावेत. गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि अशक्त रुग्ण यांच्यापासून रुग्णाने दूर राहावे. त्याला वाळीत टाकल्यासारखे वागविण्याची मात्र गरज नाही.

शिक्षकांनी कांजिण्यांच्या धड्याबरोबर नागिणीचीही माहिती द्यावी. मुलांनी घरी नेलेली माहिती आजोबा-आजींपर्यंत पोहोचते. ग्रामसभेत आणि आरोग्य समितीच्या बैठकीत चार वाक्ये पुन्हा पुन्हा सांगितली जावीत: एकाच बाजूला आग आणि फोड दिसले, तर तीन दिवसांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्र. कपाळ, पापणी किंवा नाकावर फोड असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. तोंड वाकडे झाले किंवा लघवी तुंबली, तर तत्काळ रुग्णालय. फोड अंगभर पसरले, तर रुग्णास घरी ठेवू नये.

राहिला प्रश्न मांत्रिकाचा. जादूटोणाविरोधी २०१३च्या राज्य अधिनियमात कुत्रा, साप किंवा विंचू चावला असता वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरविले आहे. नागीण हा सर्पदंश नव्हे. तेव्हा येथे कायद्यापेक्षा समजुतीने अधिक काम होईल. गेरू लावणाऱ्या वृद्धेचा अपमान करून काही साधत नाही. तिच्याकडे माणसे विश्वासाने जातात. त्याच विश्वासाचा उपयोग करून घ्यावा आणि 'आधी दवाखाना दाखव' हे शब्द तिच्याच तोंडून रुग्णाच्या कानी पडावेत. ज्या गावात असे घडेल तेथे तोंड आणि शेपूट जुळण्याची वाट पाहत कोणी बसणार नाही, आणि एखाद्या वृद्धाचा डोळा वाचेल.